बॅजिओची ती पेनल्टी आणि त्याची श्रद्धा : हरल्यावर श्रद्धेचं काय होतं?

रात्रपाळी

राम राम मंडळी. बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय, आज लिहायला मुहूर्त लागला. खेळाडू जिंकला की आकाशाकडे बोट दाखवतो, गळ्यातला ताईत नाहीतर क्रॉस ओठांना लावतो, हे आपण इतक्या वेळा बघितलंय की आता त्यात काही वाटेनासं झालंय. पण हरल्यावर काय? आणि हरणं म्हणजे साधं नाही, अख्ख्या जगासमोर, स्वतःच्याच पायाने हरल्यावर? माझ्या डोळ्यासमोर एकच माणूस येतो, इटलीचा रॉबर्टो बॅजिओ.

नवीन पोरांसाठी थोडक्यात सांगतो. १९९४ चा वर्ल्ड कप, अमेरिकेत. १७ जुलैला पॅसाडेनाच्या रोज बोलमध्ये फायनल, ब्राझील विरुद्ध इटली, तिथे दुपारचे साडेबारा म्हणजे आपल्याकडे रात्रीचा एक. एक्स्ट्रा टाइम संपला तरी ०-०. वर्ल्ड कपची फायनल पेनल्टी शूटआउटवर (दोन्ही टीमनी पाच पाच पेनल्टी मारून निकाल लावायचा) जायची ही पहिलीच वेळ. इटलीची पाचवी पेनल्टी मारायला बॅजिओ आला, आदल्या वर्षीचा बॅलन डी'ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार, विजेता, पाठीवर ती बारीक वेणी, आणि चेंडू बारवरून उडवला. खेळ खलास. कमरेवर हात, मान खाली, पलीकडे ब्राझीलवाले नाचतायत, तो फोटो तुम्ही कुठे ना कुठे पाहिलाच असणार.

आता मुद्दा. हा माणूस कट्टर कॅथलिक देशातला, व्हिचेन्झाजवळच्या काल्दोन्यो गावातला, आठ भावंडांतला सहावा, आणि १९८८ पासून बौद्ध. निचिरेन ह्या जुन्या जपानी भिक्षूच्या परंपरेतल्या सोका गाक्काई संघटनेचा. फॅशन म्हणून नाही बरं का. १९८५ साली, वय १८, फिओरेन्टिना क्लबशी करार ठरलेला आणि अगदी त्याच दिवसांत उजव्या गुडघ्याचं लिगामेंट गेलं. त्या काळात त्यातून करिअर वाचणं म्हणजे लॉटरीच. फ्रान्समध्ये ऑपरेशन झालं, दोनशेवीस टाके, आणि वेदनाशामक औषधांची ह्याला अॅलर्जी. फिओरेन्टिनाने करार मोडला नाही ही त्यांची माणुसकी. पण पुढची दोन वर्षं जवळजवळ पायावर उपचार करण्यातच गेली, त्या काळात फ्लॉरेन्समधल्या एका रेकॉर्डच्या दुकानवाल्या मित्राने त्याला ह्या मार्गाला लावलं. घरच्यांना, विशेषतः आईला, ते लवकर पचलं नाही. तेव्हापासून सकाळ संध्याकाळ जप चालू, मॅच असो नसो.

आणि आता गंमत बघा, म्हणजे गंमत तरी कसली. त्याने आत्मचरित्रात लिहिलंय की त्या वर्ल्ड कपला निघण्याआधी त्याच्या गुरूंनी, दाइसाकू इकेदांनी, सांगितलं होतं की तुला खूप अडचणी येतील आणि सगळा निकाल अगदी शेवटच्या क्षणी लागेल. तो आपला मनात धरून गेला. निकाल लागला शेवटच्या क्षणीच. फक्त उलटा.

मला प्रश्न हा पडतो की एवढं झाल्यावर माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी उठून परत जपाला कसा बसतो? आणि हा बसला. आजही बसतो. त्याच वेळी मुलाखतींमध्ये हेही सांगतो की ती पेनल्टी अजून पचलेली नाही, स्वप्नात येते. म्हणजे श्रद्धाही आहे आणि जखमही तशीच आहे. तुम्हाला काय वाटतं? श्रद्धाळू, नास्तिक, फुटबॉलवाले, सगळ्यांनी लिहा, फक्त भांडू नका.

ऑफसाईड_काका

छान धागा. ती फायनल आम्ही चाळीत एका घरात पंधरावीस जणांनी बघितली होती त्यामुळे थोडं लिहितो.

पहिली गोष्ट, बॅजिओने वर्ल्ड कप घालवला हे वाक्य मला मुळातच पटत नाही. बॅजिओच्या आधी बरेसीने वरून मारली होती, मासारोची ब्राझीलचा गोली टाफारेलने अडवली होती. आणि बॅजिओचा गोल झाला असता तरी ब्राझीलची पाचवी किक शिल्लक होती, बेबेटो मारणार होता, त्याने घातली असती तर तिथेच संपलं असतं. हे कोणी लक्षात ठेवत नाही. शेवटच्या माणसाच्या नावावर सगळं बिल फाडायची आपली सवय.

दुसरी गोष्ट, इटली फायनलला पोचलीच मुळी ह्याच्या जिवावर. ग्रुपमध्ये आयर्लंडकडून हरले, नॉर्वेला कसंबसं हरवलं, मेक्सिकोशी बरोबरी, चारही टीमचे चार चार पॉइंट आणि इटली तिसऱ्या नंबरवरून आत. त्या नॉर्वेच्या मॅचला गोली पाल्युकाला रेड कार्ड मिळालं आणि कोच साक्कीने बाहेर कोणाला काढलं तर बॅजिओला! ह्या माणसाला वेड लागलंय असं बॅजिओ पुटपुटताना कॅमेऱ्यात दिसतं. मग नायजेरियाविरुद्ध एक गोलने मागे, दहाच माणसं मैदानात, ८८ व्या मिनिटाला ह्याचा गोल, एक्स्ट्रा टाइममध्ये ह्याचीच पेनल्टी. हो, पेनल्टी, आणि ती आत. स्पेनविरुद्ध शेवटी शेवटी परत हाच. बल्गेरियाविरुद्ध पहिल्या अर्ध्या तासात दोन. त्याच मॅचला मांडीमागचा स्नायू दुखावला आणि चार दिवसांत फायनल, तीही तसल्या उन्हात. मांडीला पट्टी बांधून १२० मिनिटं खेळला.

तो शॉट असा का मारला हेही त्याने सांगितलंय. टाफारेल नेहमी आधीच कुठल्यातरी बाजूला झेप घेतो हे माहीत होतं म्हणून मधोमध, मध्यम उंचीवर मारायचं ठरवलं होतं. टाफारेलने झेप घेतलीच, म्हणजे अंदाज शंभर टक्के बरोबर. चेंडू तेवढा उंच का गेला हे त्याचं त्यालाही कळलं नाही. थकलेला पाय दुसरं काय.

शंकासुर

काका, म्हणजे तुम्हीच उत्तर दिलंत. थकलेला पाय. ह्यात श्रद्धेचा संबंध कुठे येतो? जप करून मांडीचा स्नायू बरा होत नाही आणि न करून बिघडत नाही. गुरूंची ती भविष्यवाणी तर कमालच, "अडचणी येतील आणि शेवटी निकाल लागेल" हे मी कोणत्याही टीमला कोणत्याही स्पर्धेआधी सांगू शकतो, फी सुद्धा घेणार नाही.

माझा अनुभव असा की श्रद्धेचं गणित कधी चुकतच नाही. जिंकलो तर कृपा, हरलो तर परीक्षा. चित भी मेरी पट भी मेरी.

मडगांवकार

शंकासुरबाब, तुमचा मुद्दा एका बाजूने बरोबर आहे पण त्या दिवशी मैदानात जो दुसरा माणूस होता त्याचं काय? गोलमध्ये उभा असलेला टाफारेल. तो कट्टर इव्हँजेलिकल ख्रिस्ती. राइट बॅक जॉर्जिन्यो पण तसाच, दोघेही ब्राझीलमधल्या ख्रिस्ती खेळाडूंच्या गटातले. बॅजिओचा चेंडू वरून गेला त्या क्षणाला टाफारेल गुडघ्यांवर बसला, दोन्ही हात वर. म्हणजे एकाच फ्रेममध्ये एक माणूस आभार मानतोय आणि बारा यार्डांवर दुसरा माणूस मान खाली घालून उभा आहे, आणि दोघेही सकाळी प्रार्थना करून आलेले!

लहानपणी आमच्याकडे गोंयात ह्यावरून लय वाद झालेला. आमच्या वाड्यावर अर्धे ब्राझीलवाले, अर्धे इटलीवाले, पण सगळे एकाच चर्चमधले. एक आजोबा म्हणाले देवाने ब्राझीलला दिलं कारण त्यांचा सेना त्याच वर्षी गेला (आयर्टन सेना, कार रेसवाला, १ मे ला अपघातात). खरंच ब्राझीलच्या टीमने जिंकल्यावर सेनाच्या नावाचा बॅनर धरला होता. तर आमचे पाद्री हसले आणि म्हणाले देव पेनल्टी मोजत बसत नाही, त्याला दुसरी कामं आहेत. ते मला तेव्हाही पटलं आणि आजही पटतं. आमच्याकडे पोरगे मैदानात उतरताना क्रॉस करतात ते गोल मागायला नाही, पाय मोडू नये म्हणून. निदान मी तरी त्याचसाठी करायचो.

कामठी_एक्सप्रेस

रात्रपाळीभाऊ, चांगला विषय घेतला बाप्पा. आमचं कामठी म्हणजे इकडे फुटबॉलचं माहेर, विदर्भात कुठेही विचारा. आणि आमच्या गावात ड्रॅगन पॅलेस आहे, जपानी मदतीनं उभं राह्यलेलं बुद्धविहार, आतमध्ये चंदनाची मूर्ती. त्यामुळे फुटबॉल आणि जपानी बौद्ध हे कॉम्बिनेशन आमच्यासाठी काही नवीन नाही 😀

पण एक सांगतो. आम्ही बौद्ध ते बाबासाहेबांमुळे. १४ ऑक्टोबर १९५६, नागपूर, बावीस प्रतिज्ञा. आमच्या घरी धम्म म्हणजे शिक, काम कर, दुसऱ्याच्या पायावर डोकं ठेवू नको. मंत्र म्हटला की मनासारखं होते असं आमच्या बाबांना कोणी सांगितलं असतं तर त्यांनी त्याला दारातूनच परत पाठवला असता. त्यामुळे सोका गाक्काईचं ते जपाचं प्रकरण मला जरा परकंच वाटते, खोटं कशाला बोलू.

पण बॅजिओचं एक मला आपलं वाटते. त्याच्या बौद्ध धर्मातही वर बसून निकाल लावणारा देव नाही. म्हणजे मडगांवकार भाऊंचे आजोबा जसं म्हणाले की देवानं ब्राझीलला दिलं, तसं म्हणायची सोयच त्याला नव्हती. देवाची मर्जी नाही, नशीब नाही. कर्म आपलं, पाय आपला, चेंडू आपला. आणि तो तसंच बोलत आला. साक्कीवर ढकललं नाही, उन्हावर ढकललं नाही, मांडीवरही नाही. मी मारली, माझी चुकली. शंकासुरजी, तुमचं चित-पटवालं गणित इथं कसं बसवता सांगा.

शंकासुर

मान्य, इथे बसत नाही. पण मग ह्याला श्रद्धा का म्हणायचं, जबाबदारी म्हणा ना. माझे नास्तिक मित्रही स्वतःच्या चुका मान्य करतात.

आणि एक दुसरं उदाहरण देतो. जोनाथन एडवर्ड्स, इंग्लंडचा तिहेरी उडीवाला. इतका कडक ख्रिस्ती की रविवारी स्पर्धा असेल तर उतरायचाच नाही, त्यापायी १९९१ ची वर्ल्ड चॅम्पियनशिप सोडली. १९९५ मध्ये गोथेनबर्गला १८.२९ मीटर, तो विश्वविक्रम आजही तसाच आहे. पुढच्याच वर्षी अटलांटा ऑलिंपिकला सगळे म्हणत होते गोल्ड ह्याचंच, आणि अमेरिकेच्या केनी हॅरिसनने हरवलं, ह्याला सिल्व्हर. तरी श्रद्धा शाबूत. २००० ला सिडनीत गोल्ड मिळालं. मग रिटायर झाला आणि काही वर्षांत जाहीरपणे सांगितलं की आता माझा देवावर विश्वास नाही!! म्हणजे हरून गेली नाही ती श्रद्धा जिंकून, निवांत घरी बसल्यावर गेली. खेळत असताना ती श्रद्धा त्याला उपयोगी पडत होती, स्पर्धेच्या ताणात आधार होता, हे त्याने स्वतःच नंतर बोलून दाखवलंय. मला तो माणूस फार प्रामाणिक वाटतो.

निवांत_नीला

वाचनमात्र असते मी इथे पण ह्या धाग्यावर राहवलं नाही. मी स्वतः सोका गाक्काईत आहे, ठाण्याला, बरीच वर्षं. आमच्याकडे त्याला डायमोकू म्हणतात, नाम म्योहो रेंगे क्योचा जप, आणि सकाळ संध्याकाळ सद्धर्मपुंडरीक सूत्रातला थोडा भाग.

कामठी_एक्सप्रेस, तुमची शंका रास्त आहे, आणि मी गोड गोड बोलणार नाही. लोक आमच्याकडे नोकरीसाठी, फ्लॅटसाठी, मुलाच्या अॅडमिशनसाठी सुद्धा चँटिंग करतात. मी सुरू केलं तेव्हा मलाही एक गोष्ट हवी होती, ती मिळाली नाही, ते असो. आमच्या मीटिंगला लोक आपापले एक्स्पिरियन्स सांगतात आणि बहुतेक एक्स्पिरियन्सचा शेवट गोड असतो, आजार होता बरा झाला, कर्ज होतं फिटलं, सगळे टाळ्या वाजवतात. मी कित्येकदा मागे बसून विचार केलाय की ज्यांचं बरं झालं नाही ते लोक कुठल्या मीटिंगला जातात?

म्हणून मला बॅजिओ जवळचा वाटतो. त्याचा एक्स्पिरियन्स गोड नाही. विषाचं औषध करायचं असं आमच्या शिकवणीत एक आहे, निचिरेनच्या पत्रांमधून आलेलं. म्हणजे जे वाईट झालं ते झालंच, ते पुसायचं नाही, पण त्यातूनच काहीतरी घडवायचं. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात कसं असतं तर सकाळी उठायचं, गोहोन्झोनसमोर (ज्याच्यापुढे जप करतो तो लिहिलेला पट) बसायचं, जप करता करता रडू येतं, डोक्यात तोच प्रसंग, तोच प्रसंग, आणि मध्येच कुकरची शिट्टी होते आणि उठावं लागतं. रोज. त्यात कुठे वीजबीज चमकत नाही. पण एक दिवस लक्षात येतं की तो प्रसंग आठवतोय आणि तरी हात कामाला लागलेत.

जोनाथन एडवर्ड्सबद्दल माहीत नव्हतं, वाचते. शंकासुर, तुम्ही म्हणता ती जबाबदारीच असेल, मला नावाशी घेणंदेणं नाही. पण ती जबाबदारी रोज पेलायला काहीजणांना बैठक लागते. तुमच्या मित्रांना लागत नसेल तर उत्तमच.

रात्रपाळी

नीलाताई, हा प्रतिसाद धाग्यात वर लावायला हवा. वाचनमात्र राहू नका हो.

आता मला जे मूळ म्हणायचं होतं ते १९९८ चं. फ्रान्सचा वर्ल्ड कप, ११ जून, बोर्डो, इटलीची पहिलीच मॅच चिलीशी. मधल्या चार वर्षांत ह्याचं काय काय झालेलं, युव्हेंटसने सोडला, मिलानमध्ये बेंचवर, १९९६ च्या युरोला घेतलाच नाही, मग बोलोन्यासारख्या मधल्या क्लबमध्ये जाऊन २२ गोल मारले तेव्हा कुठे परत टीममध्ये. ती वेणीही कापून टाकली होती. तर चिलीविरुद्ध इटली १-२ ने मागे, पाचसहा मिनिटं राहिलेली, उजवीकडून बॅजिओने चेंडू आत मारला तो चिलीच्या डिफेंडरच्या हाताला लागला. पेनल्टी. आणि सगळ्या जगाला एकदम पॅसाडेना आठवलं.

तो क्लिप बघा कधीतरी. तो गुडघ्यांवर हात टेकून वाकून उभा आहे, मान खाली, आजूबाजूला चिलीवाले पंचाशी हुज्जत घालतायत. टीममध्ये दुसरे मारणारे होते की. कोणी नाव ठेवलं नसतं. पण गेला, मारली, आत. २-२.

आणि तेवढ्यावरही थांबत नाही. तीन जुलैला क्वार्टर फायनल, फ्रान्सशी, त्यांच्याच घरात, परत ०-० आणि परत शूटआउट. इटलीची पहिली पेनल्टी मारायला कोण गेलं? हाच. घातली. इटली तरीही हरली, शेवटची दी बियाजिओने बारवर मारली. म्हणजे परतफेडीची गोष्ट सुद्धा पूर्ण होऊ दिली नाही नियतीने! सिनेमावाला असता तर तिथे इटलीला जिंकवलं असतं.

मला वाटतं त्याची श्रद्धा मला तिथे दिसते, बोर्डोला आणि पॅरिसला, पॅसाडेनाला नाही. निकालाबद्दल तिने काहीच केलं नाही. पण चेंडू ठेवायला परत जायचं का नाही ह्या बाबतीत तिने काहीतरी केलं असणार.

पेठेतला_पोरगा

भावांनो कोल्हापूरकर आल्याशिवाय फुटबॉलचा धागा पुरा हुतोय व्हय 😎

तुमी शूटआउट म्हणताय, आमी टायब्रेकर म्हणतो. शाहू स्टेडियमवर फायनलला टायब्रेकर लागला की काय असतंय ते वर्ल्ड कपवाल्यांनी एकदा येऊन बघावं. पाटाकडील, शिवाजी, खंडोबा, कुटलीबी मॅच असूदे, दोन्ही पेठा गॅलरीत आणि घसा बसूस्तोवर बोंबलणार. तितं पेनल्टी घालवली तर इटलीला परत जायची सोय न्हाई, त्याच पेठेत ऱ्हायचं असतंय, त्याच टपरीवर चहा प्यायचा असतंय.

आमच्या गल्लीतल्या एका पोरानं मागं एकदा टायब्रेकरला शेवटची घालवली. नाव सांगत न्हाई. पोरगं गुणी, अंबाबाईच्या देवळात गेल्याबिगर मॅचला जायचं न्हाई. घालवल्यावर आठवडाभर घरातनं बाहेर न्हाई. मित्रांचं सोडा, दूधवालाबी टोमणा मारून जायचा. आणि त्यानं काय केलं म्हायताय? देवळात जायचं बंद केलं. म्हणला आईनं माझं ऐकलं न्हाई.

मग पेठेतल्या एका जुन्या खेळाडूनं त्याला धरलं. ते म्हातारं लई वंगाळ बोलतंय पण मनानं सोनं. ते म्हणलं, आंबाबाईला तू काय मागिटलंवतंस, गोल मागिटलंवतंस व्हय, आरं गोलकीपरच्या आईनंबी त्योच नवस बोलला असंल की. तू पाय माग, दम माग, गोल तुजं तू बघ. दुसऱ्या दिवसापास्नं पहाटं गांधी मैदानावर. मी सोता बघिटलंय, टाचंनं खूण करायचं, चेंडूचा व्हॉल्व्ह आपल्याकडं करून ठिवायचं, चार पावलं मागं, आणि मारायचं. गोलात कोण न्हाई, एकटंच. मारायचं, चेंडू आणायला पळत जायचं, परत ठिवायचं. देवळातबी जायला लागलं पुन्ना, पर आता मॅचच्या आदी न्हाई, मॅच झाल्यावर जातंय. जिकलं तरीबी, हारलं तरीबी.

रात्रपाळी भावा त्यो बोर्डोचा क्लिप त्याला पाटवलाय.

क्रिकेटवेडी

सुंदर चाललाय धागा. फुटबॉलमधलं फार कळत नाही पण हे सगळं वाचून जेमिमा आठवली. आपली वांद्र्याची जेमिमा रॉड्रिग्ज. २०२२ च्या वर्ल्ड कपला तिला टीममध्येच घेतलं नव्हतं. २०२५ ला घरच्या वर्ल्ड कपमध्ये दोनदा शून्यावर गेली, इंदूरच्या इंग्लंड मॅचला तर बाहेरच बसवली, आणि आपण ती मॅच चार रन्सनी हरलो, ओळीने तिसरी हार. आणि मग ३० ऑक्टोबरला नवी मुंबईत सेमी फायनल, समोर ऑस्ट्रेलिया, ३३९ चं टार्गेट, नाबाद १२७. त्यानंतर मैदानावर रडत रडत तिने जे सांगितलं ते ऐकलंत ना? ह्या दौऱ्यात जवळजवळ रोज रडले, अँग्झायटी होती, आणि शेवटी शेवटी अंगात ताकद उरली नव्हती तेव्हा बायबलमधलं एक वचन म्हणत होते, की तू फक्त स्थिर उभी रहा, देव तुझ्यासाठी लढेल.

मला त्यातलं अँग्झायटीचं जास्त महत्त्वाचं वाटलं खरं तर. श्रद्धा आहे म्हणजे सगळं आलबेल असं तिने भासवलं नाही. आणि हेही लक्षात घ्या की ८२ वर असताना तिचा कॅच सुटला होता! ऑस्ट्रेलियाच्या हीलीने सोडला. तो घेतला असता तर? तेच वचन, तीच मुलगी, पण हा धागा वेगळा झाला असता.

शंकासुर

क्रिकेटवेडी, शेवटच्या दोन ओळींसाठी तुम्हाला माझ्याकडून चहा. अगदी हेच. एका बाजूला सुटलेला कॅच, दुसऱ्या बाजूला बारवरून गेलेला चेंडू, मधलं अंतर वीतभर. आपण नंतर त्याला अर्थ चिकटवतो.

पेठेतल्या भावा, तुमच्या त्या म्हाताऱ्यांशी मात्र मी वाद घालणार नाही. ते माझ्यापेक्षा चांगले नास्तिक आहेत आणि चांगले भक्तही.

मडगांवकार

पोरगो देवळात मॅच झाल्यावर जातो, हे वाचून आमचे पाद्री खूश झाले असते.

ऑफसाईड_काका

अजून एक प्रसंग सांगायचा राहिला, १९९१ चा. १९९० मध्ये फिओरेन्टिनाने बॅजिओला युव्हेंटसला विकलं, त्या काळची विक्रमी रक्कम, फ्लॉरेन्समध्ये अक्षरशः दंगल झाली. पुढच्या सीझनला युव्हेंटसकडून तो फ्लॉरेन्सला खेळायला आला आणि युव्हेंटसला पेनल्टी मिळाली. ह्याने मारायला नकार दिला. कारण दिलं की त्यांचा गोली मला चांगला ओळखतो. दुसऱ्याने मारली, ती अडवली, युव्हेंटस हरली. ह्याला बाहेर काढलं तेव्हा प्रेक्षकांनी टाकलेला फिओरेन्टिनाचा जांभळा स्कार्फ उचलून घेतला. तुरीनवाल्यांनी, म्हणजे युव्हेंटसच्या चाहत्यांनी, वर्षानुवर्षं माफ केलं नाही.

मग रात्रपाळी, तुमच्या थिअरीत हे कसं बसतं? १९९१ लाही तो जप करतच होता की. तेव्हा चेंडूपर्यंत गेला नाही आणि १९९८ ला गेला.

रात्रपाळी

काका, बसत नाही आणि बसवणारही नाही. पण मला वाटतं १९९१ ला तो हरण्याला घाबरून मागे राहिला नाही, ज्या लोकांनी मोडक्या गुडघ्यासकट सांभाळला त्यांच्यावर गोल मारायचा नव्हता, गोलीचं कारण नुसतं सांगायला. हा माझा अंदाज, पुरावा नाही.

पुढचंही सांगतो. २००२ ला पस्तिशीत जपान-कोरियाला जायचंच म्हणून ब्रेशियासारख्या लहान क्लबमधून खेळत होता, जानेवारीच्या शेवटी परत गुडघा गेला, ऑपरेशन, आणि ७७ दिवसांत मैदानावर, आल्या आल्या दोन गोल, तेही फिओरेन्टिनावरच! तरी इटलीचा कोच त्रापात्तोनीने टीममध्ये घेतला नाही. त्याच्या गुरूंचा देश, तिथला वर्ल्ड कप, आणि हा घरी. मला विचाराल तर पॅसाडेनापेक्षा हे जास्त वाईट. पॅसाडेनाला निदान किक त्याच्या पायात होती.

निवांत_नीला

हो, आणि त्यानंतरही दोन सीझन ब्रेशियासाठी खेळला. सेरी आ मध्ये, म्हणजे इटलीच्या वरच्या लीगमध्ये, २०५ गोल करून २००४ ला मिलानच्या सॅन सिरो स्टेडियमवर रिटायर झाला, समोरच्या टीमच्या माल्दिनीने येऊन मिठी मारली. तो व्हिडिओ आमच्या एका मीटिंगला दाखवला होता मी. एका काकूंनी विचारलं, मग त्याला वर्ल्ड कप कधी मिळाला? म्हटलं नाही मिळाला. त्या म्हणाल्या मग हा एक्स्पिरियन्स कसला 😄

शंकासुर

काकूंना माझा नमस्कार सांगा.

जाता जाता एक काडी टाकतो. हा तुमचा बौद्ध बॅजिओ पट्टीचा शिकारी आहे हे माहीत आहे का? बदकं मारतो. अर्जेंटिनात त्याने त्यासाठी जागा घेतलेली आहे. आणि २०१० ला हिरोशिमात ह्यालाच शांतता पुरस्कार दिला. जीवहिंसा करू नये ह्या पहिल्या शीलाचं काय?

कामठी_एक्सप्रेस

हाव, हे मात्र मलाही नाही पटत. पाणातिपाता वेरमणी, पहिलंच शील आहे भाऊ, लहान पोराला पण पाठ असते.

निवांत_नीला

ह्यावर आमच्याकडेही दोन तट आहेत. माझं मत सांगितलं तर उरलेल्या मीटिंगला जाता येणार नाही.

पेठेतला_पोरगा

बदकाचा नवीन धागा काढा. तांबडा पांढरा घिऊन आमी येतो.